शब्दसाम्य आणि सोयरिकीचा अधिकार

यशयाच्या ग्रंथात, तिसाव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, एका फुटक्या मडक्याची प्रतिमा येते. मडक्याचा असा चुरा झाला आहे की चुलीतला विस्तव उचलण्यापुरती किंवा टाक्यातले पाणी घेण्यापुरतीही खापरी त्यात उरलेली नाही. ह्या एकाच वचनात मूळ हिब्रू दोन निराळे धातू योजते. पाण्यासाठी येणारा 'हासाफ' हा धातू मुळात उघडे करणे, सोलणे ह्या अर्थाचा आहे. वरवरचे पाणी काढून घेणे हा त्याचा येथील विशेष अर्थ होय. विस्तवासाठी मात्र 'हाता' हा धातू येतो. हिब्रू बायबलात क्रियापद म्हणून तो अवघ्या चार ठिकाणी आढळतो आणि त्यांपैकी तीन ठिकाणी त्याचा संबंध विस्तवाशी किंवा निखाऱ्यांशी आहे. चौथ्या ठिकाणी, एका स्तोत्रात, तो माणसाला त्याच्या तंबूतून उचलून काढण्यासाठी वापरला आहे. निखारा उचलावा तसा माणूस उचलला जातो. ह्याच धातूपासून वेदीवरचे निखारे घेण्याच्या पात्राचे 'महता' हे नाव सिद्ध होते.

'खुपसून, भरून, उचलून घेणे' ह्या एका क्रियेभोवती हिब्रूने केवढा संसार मांडला आहे, हे पाहण्यासारखे आहे. 'दाला' म्हणजे शेंदणे. त्यावरून 'देली' म्हणजे पोहरा. 'शाअव' म्हणजे पाणी भरणे. 'कामात्स' म्हणजे मूठभर घेणे. अन्नार्पणातील पीठ याजक ह्याच क्रियेने उचलतो. 'होफेन' म्हणजे ओंजळ. लेवीयाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक निखाऱ्यांचे पात्र आणि दोन ओंजळी धूप घेऊन पडद्याआड जातो, तेव्हा 'महता' आणि 'होफेन' एकाच वचनात शेजारी येतात. मराठी वाचकाला ह्यात परके असे काही वाटू नये. शेंदणे, उपसणे, ओरपणे, पसा, मूठ, चिमूट, पळी, ओगराळे ह्यांमधील भेद ज्या भाषेने जपले, तिला दुसऱ्या भाषेचे असे भेद चटकन उमगतात.

आता आफ्रिकेच्या दक्षिणार्धात पसरलेल्या बांटू भाषांकडे वळावे. त्या सुमारे पाचशे आहेत. स्वाहिलीत विहिरीतून वा झऱ्यातून पाणी भरणे म्हणजे 'तेका'. आणि थोडे थोडे भरून घेणे, ओंजळीने किंवा भांड्याने उचलणे म्हणजे 'चोता'. झुलूत पाणी भरण्याला 'खा' म्हणतात, आणि फूल तोडण्यालाही तोच शब्द आहे. झांबियातील बेंबा भाषेत 'तापा', केनियातील किकुयूत 'ताहा', शोनात 'चेरा'. हिब्रू 'हाता' आणि स्वाहिली 'चोता' रोमन लिपीत शेजारी ठेवले की एक चमत्कार घडतो. हिब्रूतील 'हेत' हे अक्षर रोमन लिपीत लिहिण्याची जुनी पद्धत 'सी-एच' अशी आहे. स्वाहिलीचा 'च'देखील रोमन लिपीत 'सी-एच' असाच लिहितात. दोन्ही शब्दांचा आरंभ एक, मधला 'त' एक, शेवटचा 'आ' एक, अर्थही जवळजवळ एक. फरक उरतो तो एका स्वराचा, आणि हिब्रू धातूंचा विचार करताना स्वर गौण मानतात हे तर सर्वश्रुतच आहे. अशी जोडी हाती आल्यावर हिब्रू आणि बांटू ह्यांचे प्राचीन नाते सिद्ध झाले, असे म्हणण्याचा मोह आवरणे कठीण असते.

देवनागरीत हा चमत्कार क्षणभरही टिकत नाही. हिब्रूचा 'हेत' हा प्राचीन उच्चारात घशातून येणारा घर्षक 'ह' होता. आज इस्रायलमध्ये तो बहुधा नुक्त्याच्या 'ख'सारखा ऐकू येतो. स्वाहिलीचा 'च' हा 'चहा'तला 'च'. ह्या दोन ध्वनींना जोडणारा दुवा एका युरोपीय लिपीतील जोडाक्षराखेरीज दुसरा नाही. शेवटचा 'आ'ही फसवा आहे. बांटू क्रियापदाच्या अंती येणारा 'आ' हा प्रत्यय असतो, धातूचा घटक नव्हे. आणि 'हाता' ह्या रूपाच्या शेवटी जे 'ह' लिहितात ते स्वराचे केवळ चिन्ह असून धातूचे तिसरे व्यंजन मुळात 'य'कारासारखे दुर्बल असावे, असे व्याकरण सांगते. तेव्हा खऱ्या अर्थाने समान उरतो तो एक 'त'.

अर्थात, एक जोडी निकालात काढल्याने प्रश्न निकालात निघत नाही. 'हाता' गेला तर 'होफेन' आहे, 'दाला' आहे. 'चोता' गेला तर झुलूचा 'खा' आहे. एका बाजूला पाचसहा धातू आणि दुसऱ्या बाजूला पाचशे भाषा, प्रत्येकीत ह्या क्रियेचे दोनचार शब्द. इतक्या मोठ्या पटावर कुठेच दोन व्यंजने जुळली नसती तरच नवल. फारसीतला 'बद' मराठीच्या 'बदनाम'मध्ये नांदतो. इंग्रजी 'बॅड'शी त्याचे ध्वनीचे आणि अर्थाचे साम्य विलक्षण आहे, आणि दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. उलट मराठी 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' हे एकाच आदिशब्दाचे वंशज आहेत, आणि त्यांत एकही ध्वनी कानाला सारखा लागत नाही. थोडे थोडे घेणे हा 'चोता'चा अर्थ ध्यानात घेऊन कोणी त्याला हिंदी 'छोटा'शी जोडू म्हटले तर काय उत्तर द्यावे? येथे तर समुद्रमार्गाने शतकानुशतके झालेला व्यापारही साक्षीला आहे. स्वाहिलीतील 'गारी' हा शब्द हिंदुस्थानच्या 'गाडी'वरूनच गेला. तरीही हे नाते कोणी गंभीरपणे मांडणार नाही. हिब्रूचे नाते मात्र पुन्हा पुन्हा मांडले जाते. न्यायसूत्रांत जातींची, म्हणजे निष्फळ प्रत्युत्तरांची, जी यादी आहे तिच्या आरंभीच 'साधर्म्यसम' ठेवला आहे. व्याप्तीचा आधार नसताना निव्वळ साधर्म्याच्या बळावर केलेले विधान वादाला पुढे नेत नाही, हे नैयायिकांनी फार पूर्वी ओळखले होते. परंतु 'छोटा' टाकून देता येतो आणि हिब्रू टाकून देता येत नाही, ह्याचे कारण न्यायशास्त्रात सापडणार नाही. तेथे प्रश्न तर्काचा न राहता इच्छेचा होतो. आणि इच्छा कोणाची, हे विचारले की तो नीतीचा होतो.

त्याआधी, नाते खरोखर असते तेव्हा ते कसे दिसते, हे थोडे सविस्तर पाहावयास हवे. बेंबातील 'तापा' आणि किकुयूतील 'ताहा' हे एक आहेत असे भाषाशास्त्र म्हणते ते त्यांच्या साम्यावरून नव्हे, त्यांच्यातील भेदावरून. इतर बांटू भाषांत जेथे 'प' येतो तेथे किकुयूत नियमाने 'ह' येतो. स्वाहिलीत पुढे निघून जाणे म्हणजे 'पिता', किकुयूत त्याच धातूचे रूप 'हितुका'. स्वाहिलीत फासणे म्हणजे 'पाका', किकुयूत 'हाका'. असा भेद शब्दामागून शब्दांत त्याच वाटेने गेलेला दिसला की त्याचा नियम होतो, आणि अशा नियमांच्या जाळ्यातच पाणी भरण्याचा हा शब्द बसलेला आहे. हिब्रू 'दाला'लाही असेच घर आहे: अरबीत 'दल्व' म्हणजे पोहरा, अक्कदीत 'दालू' म्हणजे पाणी शेंदणे. दोन्ही शब्द आपापल्या घरी सुखाने नांदत आहेत. त्यांना बाहेरचा बाप शोधून देण्याची गरज कोणालाच भासू नये.

आणि सेमिटिक शब्द बांटू भाषांत खरोखर गेले नाहीत असेही नाही. शेकड्यांनी गेले, अरबीतून गेले, आणि जाताना खुणा ठेवून गेले. अरबी 'किताब' स्वाहिलीत 'किताबू' झाला. बांटू नामांच्या आरंभी वर्गदर्शक उपसर्ग असतो. वस्तुवाचक नामांच्या एका वर्गाचा उपसर्ग एकवचनी 'कि' आणि अनेकवचनी 'वि'. स्वाहिली भाषकांनी 'किताबू'तला 'कि' हा आपलाच उपसर्ग मानला आणि अनेकवचन केले 'विताबू'. क-त-ब ह्या त्र्यक्षरी धातूचे पहिलेच व्यंजन गेले. अरबी व्याकरणाच्या दृष्टीने ही मोडतोड आहे. स्वाहिलीच्या दृष्टीने पाहुण्याला घरच्या पंगतीत बसविण्याची रीत आहे. खऱ्या संपर्काच्या कथेत घेणारी भाषा कर्ती असते. काल्पनिक नात्याच्या कथेत ती नेहमी कर्म असते. कोणीतरी येतो, देतो, शिकवतो, आणि ती घेते.

ही कथा कोणाला हवी होती? कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ मध्ये ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंतींपाशी पोहोचला. तेथील एका तुळईच्या लाकडाचा तुकडा त्याला आपल्या शिसपेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. म्हणून ते देवदार, म्हणून ते लेबाननचे, म्हणून ही वास्तू शबाच्या राणीची. 'हाता' आणि 'चोता' जोडणाऱ्या विचाराची आणि ह्या विचाराची घडण अगदी एक आहे. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर ह्याने आणि पुढे १९२९ च्या उत्खननाने गर्ट्रूड केटन-थॉम्पसन हिने ही वास्तू आफ्रिकी लोकांचीच असल्याचे दाखविले. आज ती शोना भाषकांच्या पूर्वजांनी, अकराव्या ते पंधराव्या शतकांत बांधली, ह्याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. तथापि ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सत्तेला हे सत्य पचले नाही. पीटर गार्लेक ह्या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये तो देश सोडावा लागला. येथे साम्याचे काम ज्ञान देण्याचे नव्हते. ज्याच्या दारात भिंती उभ्या आहेत त्याचा त्यांच्यावरील हक्क काढून घेणे, हे ते काम होते.

भाषाविचारात हेच काम अधिक सभ्यपणे झाले. कार्ल माइनहोफ ह्याने १८९९ मध्ये बांटू भाषांच्या ध्वनिनियमांवर जो ग्रंथ लिहिला, तो ह्या क्षेत्राचा पाया मानला जातो. 'तापा' आणि 'ताहा' ह्यांच्यासारख्या शब्दांचे नाते सांगणारी शिस्त त्यानेच घालून दिली. त्याच माइनहोफने १९१२ मध्ये 'हामी' भाषांवर ग्रंथ लिहिला. पशुपालक, गौरवर्णी, श्रेष्ठ अशा एका हामी वंशाने आफ्रिकेला संस्कृती दिली आणि बांटू भाषा ह्या अशा बापाच्या व कृष्णवर्णी आईच्या संकरातून झाल्या, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. ज्याच्या हाती सर्वांत काटेकोर तराजू होता त्यानेच तो येथे खाली ठेवावा, ही गोष्ट विद्वत्तेविषयी अस्वस्थ करणारी आहे. 'हामी' नावाचे स्वतंत्र भाषाकुल मुळी अस्तित्वातच नाही, हे जोसेफ ग्रीनबर्ग ह्याच्या १९६३ च्या वर्गीकरणाने प्रस्थापित झाले. हिब्रू आफ्रो-आशियाई कुलात गेली, बांटू नायजर-कांगो कुलात. ग्रीनबर्गची स्वतःची पद्धतीही शब्दसाम्यांच्या मोठ्या राशींवर उभी होती आणि तिच्यावर त्यासाठी पुष्कळ टीका झाली. परंतु वंशाच्या रंगावर तिने भाषेची इमारत उभारली नाही, हा फरक लहान नव्हे.

ग्रंथ मागे पडले तरी कथा मागे पडली नाही. नाईलचा उगम शोधणाऱ्या जॉन स्पीकने १८६३ मध्ये असा तर्क मांडला होता की सरोवरप्रदेशातील राज्यकर्ते इथिओपियाच्या बाजूने आलेले परके विजेते असावेत. बेल्जियमच्या वसाहती कारभाराने रुआंडात तुत्सींना हामी आणि श्रेष्ठ, हुतूंना बांटू आणि हीन ठरवून हीच कथा ओळखपत्रांच्या राज्यात रुजविली. १९९२ च्या नोव्हेंबरात तेथील सत्ताधारी पक्षाच्या एका नेत्याने जाहीर सभेत तुत्सींना न्याबारोंगो नदीच्या वाटेने इथिओपियाला परत धाडण्याची भाषा केली. १९९४ च्या एप्रिल ते जुलै ह्या काळात जी माणसे मारली गेली त्यांची संख्या बहुतेक अंदाजांनुसार आठ लाखांच्या आसपास जाते, आणि त्यांतील बहुसंख्य तुत्सी होती. कित्येक प्रेते नदीनेच वाहून नेली. वस्तुतः तुत्सी आणि हुतू ह्यांची भाषा एकच, किन्यारुआंडा, निखळ बांटू. दोघेही पाणी भरण्याला 'वोमा' म्हणतात. शब्दांवरूनच नाती ठरवायची होती तर हा शब्द पुरेसा होता. पण ज्यांनी दूरचे नाते ऐकून घेतले होते त्यांना शेजारचे ऐकू आले नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. दूरच्या नात्याची कथा नेहमी वरून लादलेलीच असते काय? दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे येथील लेंबा लोक व्हेंडा, शोना ह्यांसारख्या बांटू भाषा बोलतात, आणि आपले पूर्वज समुद्रापलीकडच्या 'सेना' नावाच्या नगरातून आले, असे परंपरेने सांगतात. डुकराचे मांस वर्ज्य मानणे, सुंता करणे ह्या त्यांच्या चालींकडे बोट दाखवून त्यांना ज्यू म्हणणारे पुष्कळ, आणि ही सारी मिशनऱ्यांची शिकवण म्हणून झटकून टाकणारेही पुष्कळ होते. १९९६ च्या आणि विशेषतः २००० च्या जनुकीय अभ्यासांनी त्यांच्या पितृवंशात पश्चिम आशियाई अंश असल्याचे दाखविले. एका कुळात तर ज्यू याजकवंशाशी निगडित मानले गेलेले लक्षण ठळकपणे आढळले. पुढे २०१३ मध्ये अधिक बारकाईने झालेल्या अभ्यासाने पश्चिम आशियाई अंश मान्य केला, पण तो खास ज्यू आहे असे म्हणण्यास आधार नाही, असा निष्कर्ष काढला. म्हणजे लेंबांच्या आज्यापणज्यांनी सांगितलेल्या गोष्टीत तथ्य होते, आणि ते नेमके किती हे अजून मिटलेले नाही. साम्याला भुलणारे जसे चुकले तसे साम्य ऐकताच कानावर हात ठेवणारेही चुकले. लेंबांचा दावा माउखच्या दाव्याहून निराळा ठरतो तो खरेपणामुळे नव्हे. तो ज्याचा त्याने केलेला आहे, आणि त्यापायी शोना किंवा व्हेंडा भाषेचे काही हिरावून घेतले जात नाही, ह्यामुळे. लेंबा पाणी भरताना आपल्याच बांटू शब्दांनी भरतात. वंश एका वाटेने आला, भाषा दुसऱ्या.

महाराष्ट्राला हे उदाहरण दूरचे वाटू नये. लेंबांचा अभ्यास करणारे ट्यूडर पार्फिट ह्यांनी कोकणातील बेने इस्रायलांचाही असाच अभ्यास केला आहे. अलिबागेच्या आसपास तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली' घरी मराठीच बोलत आले. इस्रायलमध्ये गेल्यावर त्यांच्या ज्यूपणाविषयी तेथील धर्मपीठाने शंका काढली आणि १९६० च्या दशकारंभी त्यांना त्यासाठी झगडावे लागले. १९६४ मध्ये तो वाद मिटला. त्या झगड्यात मराठी आणि हिब्रू ह्यांत समान धातू आहेत, असे सिद्ध करण्याची पाळी कोणावर आली नाही. तशी ती आली असती तर 'हाता' ह्या हिब्रू धातूला मराठी 'हात' लगेच सापडला असता, आणि विस्तव उचलणारा हात ह्याहून समर्पक व्युत्पत्ती ती कोणती! मराठी 'हात' संस्कृत 'हस्त'पासून प्राकृतातून आला, एवढे ठाऊक असल्यामुळेच मराठी वाचक येथे हसतो. 'चोता'चे घर ठाऊक नसल्यामुळे तो तेथे हसत नाही. हसू येणे आणि न येणे ह्यांतील हे अंतर अज्ञानाचे आहे. पण ज्याच्या घराविषयी आपण अज्ञानी आहोत त्याच्या नात्यांविषयी बोलण्याची जी घाई होते, ती अज्ञानातून येत नाही.

यास्काने निरुक्तात शब्दांचे निर्वचन करताना एखाद्या अक्षराच्या साम्यावरूनही अर्थाकडे जाण्याची मुभा दिली आहे. आधुनिक वाचकाला ती बेशिस्त वाटते. पण यास्क शब्दाच्या वंशाचा दाखला देत नव्हता. मंत्रातील शब्द मनात उलगडावा ह्यासाठी तो त्याच्याभोवती इतर शब्दांचे अर्थ जागे करीत होता. कवी हेच करतो, आणि त्याला कोणी पुरावा मागत नाही. 'हाता', 'चोता', 'खा', 'तापा' एका ओळीत ठेवून एखाद्याला निरनिराळ्या काळांतील वाकलेली माणसे दिसत असतील तर ते दर्शन खोटे नव्हे. पाण्याकडे वाकण्याची रीत सर्वत्र एक आहे. बिघाड होतो तो ह्या दर्शनाच्या हाती वंशावळ दिली जाते तेव्हा.

शिवाय वंशावळीच्या नादात शब्दात जे खरोखर पाहण्याजोगे असते ते निसटते. शोना भाषेत 'चेरा' म्हणजे पाणी भरणे आणि 'चेरा' म्हणजेच खणणे. हिब्रूत ह्या दोन क्रियांना वेगळे धातू आहेत. विहीर खणण्याचा 'हाफार' निराळा, शेंदण्याचा 'दाला' निराळा. शोना भाषकांच्या प्रदेशात कोरड्या दिवसांत नदीच्या वाळूत खड्डा करतात, त्याला 'मुफुकू' म्हणतात, आणि त्यात झिरपलेले पाणी भरून घेतात. तेथे खणणे कोठे संपते आणि पाणी भरणे कोठे सुरू होते, हे सांगणे अवघडच आहे. मराठीत पाणी उपसतात आणि विहिरीतला गाळही उपसतात. 'चेरा' आणि 'उपसणे' ह्यांत एकही व्यंजन समान नाही.